बाई सिग्नलला थांबतात

रिबेकाबाई झिराडकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पनवेलच्या एका सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या खिडकीपलीकडे. सातवीपर्यंत मी घरीच, वडिलांकडे शिकले. त्यामुळे कॉलेजसाठी दाखला काढायची वेळ आली तेव्हा त्या वर्षांचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. ती उणीव भरून काढायला मी बारा पानांचा अर्ज लिहून नेला होता आणि प्रत्येक पानावर सही केली होती. मागे रांग कुरकुरत असताना बाईंनी तो सगळा वाचला.

"एवढं खरं कुणी लिहीत नाही गं इथे," त्या म्हणाल्या. "एका पानात बसव. बाकीचं मी वाचलंय, ते वाया गेलं नाही."

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बाईंच्या वेब सिरीजबद्दल लिहायला सांगितलं आहे. कचेरीतल्या बाई ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही गोष्ट कदाचित खरी वाटणार नाही, म्हणून नीट सांगते. माझा कॉलेजमधला मित्र नदीम सुकापूरला बाईंच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायचा. त्याच्याकडे एक व्हिडिओ गेम होता. त्यात एक मोठं अमेरिकन शहर, आणि खेळणाऱ्यानं तिथे गाड्या चोरायच्या आणि पोलिसांपासून पळायचं. नदीम ते शहर आयता रंगमंच म्हणून वापरायचा. पात्रं चालवायची, पडद्यावरचं रेकॉर्ड करायचं, त्यावर आमचे मराठी आवाज चढवायचे आणि इंटरनेटवर टाकायचं. मालिकेचं नाव 'गाडी किती वाजता?' पिवळा कोट घातलेली एक बाई त्या परक्या फुटपाथवर उरणच्या एसटीची वाट बघत उभी आहे, एवढीच कथा. त्या बाईचा आवाज रिबेकाबाईंचा. मीच घाबरत घाबरत खिडकीवर जाऊन त्यांना विचारलं होतं. त्यांनी फक्त "किती वाजता यायचं?" एवढंच विचारलं.

बाईंना संवाद लिहून द्यावे लागत नसत. गुंडाच्या आवाजात नदीम ओरडायचा, "जे असेल ते काढ!" बाई शांतपणे म्हणायच्या, "आधी रांगेत या. झेरॉक्स आणलीय का?" नदीम हसून टेबलाखाली जायचा आणि मी पुन्हा रेकॉर्डिंग लावायची. मात्र एकदा त्यानं गावाकडच्या माणसाच्या 'हाय-नाय'ची नक्कल केली, तेव्हा बाईंनी माइक बाजूला ठेवला. "ही माणसं माझ्या खिडकीवर रोज येतात. हसायचं तर साहेबाला हसू या. त्याला सवय नाही." तो भाग आम्ही टाकला नाही.

आता माझी चूक. एका दुपारी नदीमचा कॉम्प्युटर आवरताना मला जुन्या वाटल्या त्या फाइली मी पुसल्या. त्यातच आमचा साठवलेला खेळ होता. पिवळा कोट गेला. तो परत मिळवायचा तर खेळात टॅक्सी चालवून शंभर प्रवासी पोचवावे लागत होते. नदीमची परीक्षा तोंडावर होती आणि मला तर पात्र सरळ चालवताही येत नव्हतं.

"तुला कुणी सांगितली होती साफसफाई?" नदीम माझ्यावर ओरडला.

"आवरताना कामाचा कागद जातो कधीकधी," बाई म्हणाल्या. "कचेरीत तर रोज जातो. मला शिकव रे ते टॅक्सीचं."

कचेरी सुटल्यावर बाई रोज संध्याकाळी यायच्या, पर्स मांडीवर ठेवून खुर्चीत बसायच्या आणि टॅक्सी चालवायच्या. प्रत्येक लाल सिग्नलला थांबायच्या.

"आंटी, तोडा ना सिग्नल! गेम आहे यार!"

"लाल आहे ना? मग?"

उशीर झाला की खेळातले प्रवासी वैतागून उतरून जायचे. "सॉरी हं," बाई पडद्याला सांगायच्या आणि दुसरा प्रवासी शोधायच्या. पाऊण महिना लागला. कोट परत आला त्या दिवशी त्यांनी माझ्या चुकीचा उल्लेखही केला नाही. "आता उद्या रेकॉर्डिंग," एवढंच म्हणाल्या.

पुढे नदीम दोह्याला नोकरीला गेला. बाई निवृत्त झाल्या. बाई बेने इस्रायली, कोकणातल्या ज्यू समाजातल्या; त्यांचे बहुतेक नातलग आधीच इस्रायलला गेले होते, लेक नओमी अश्दोदहून रोज बोलवत होती. रेकॉर्डिंगमध्ये शिरलेले कुकरच्या शिट्टीचे, भाजीवाल्याचे, जिन्यातल्या चपलांचे आवाज मी त्या वेळी वहीत लिहून ठेवायची, काढून टाकायला. आता ते भाग लावते तेव्हा मी तेच आवाज ऐकत बसते.

जाण्याच्या आधी सामान बांधताना बाईंनी मला विचारलं होतं. हातात घडी घातलेली साडी होती. "तू सांग. जाऊ का मी?"

मी शोभेल ते उत्तर दिलं. "मुलीजवळ असावं माणसानं, बाई. जायलाच हवं."

त्या "बरं," म्हणाल्या, आणि साडी बॅगेत ठेवली.

बाईंशी मी बोललेलं हे एकच खोटं. त्यांच्या गौरवग्रंथात माझ्या नावावर ते तसंच राहू नये असं मला वाटतं. लेकीचा हक्क मोठा आहे, हे मला कळतं. तरीही मला म्हणायचं होतं, नका जाऊ.

साठीच्या या समारंभासाठी बाई तीन आठवडे पनवेलला येत आहेत. त्यांचे गुडघे, डोळे आणि तो आवाज पुढची कितीतरी वर्षं असेच खणखणीत राहोत, मग त्या कुठल्याही देशात असोत. आणि बाई, या वेळीही निघताना मला विचारा. मी खरं सांगेन. मग तुम्ही जे ठरवाल ते.