ओढा गप्प झाला ती संध्याकाळ

गावात तिला सगळे पट्टीवाली म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचा त्यात काही खवचटपणा नव्हता. बाईचं कामच ते होतं. ओढ्यात एक लाकडी खांब रोवलेला, त्यावर फुटांच्या आणि इंचांच्या खुणांची पट्टी रंगवलेली. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि खालच्या फरशीवर फोन करून सांगायचं. आधी हे काम तिचे वडील करत. ते गेल्यावर वही, खांब आणि उंच काठावरचं दोन खोल्यांचं घर तिच्याकडे आलं. लग्न तिनं केलं नाही. विचारणारे विचारून थकले.

ओढा म्हणाल तर पसाभर. डोंगराच्या कुशीतल्या दोन झऱ्यांतून निघायचा, एका घळीतून अंग चोरून उतरायचा आणि तिच्या घराखाली गोट्यांवर आपटत वळायचा. पुढे डोह, मग लव्हाळं, मग दीड कोसावर फरशी. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका रस्ता; त्याच्या पोटातून सिमेंटच्या तीन मोऱ्या काढलेल्या, माणूस कसाबसा रांगत जाईल एवढ्या. त्या फरशीची राखण तिचा धाकटा भाऊ करत असे. पाणी वाढलं की आडवा बांबू टाकायचा आणि मोऱ्या तुंबल्या की आत शिरून काटक्या ओढून काढायच्या. त्याची खोली खालच्या अंगाला होती, त्यामुळे वरचं पाणी त्याला दिसतच नसे. वरचं पाणी म्हणजे ताईचा आकडा. वीस वर्षं रोज फोनवर तो एकच शब्द बोले, "किती?"

ओढ्यातला जीव न् जीव तिला ठाऊक होता. मातीच्या कड्यात बीळ करून राहणारा खंड्या, पायरीवर ऊन खाणारा विरोळा साप, आणि खेकडे तर इतके ओळखीचे की कुठल्याची नांगी तुटलीय हेही ती सांगे. फक्त पाणमांजर तिनं जन्मात दोनदा पाहिलं होतं. ते माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. चिखलात पाऊल दिसायचं, ते स्वतः नाही.

आता खरं सांगायचं तर, गेली दोन वर्षं पट्टीवाली संध्याकाळची पट्टी बघतच नव्हती. घरापासून खांबापर्यंत बेचाळीस पायऱ्या, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. सकाळी ती कशीबशी उतरे, पण संध्याकाळी ओसरीवर बसून कान लावी. गोट्यांवरचं पाणी दोन फुटांना एका सुरात वाजतं, अडीचला दुसऱ्या. तिचा अंदाज इंचाला इंच जुळे. वडील म्हणायचे, "पाण्याला विचारून लिहायचं, मनाला विचारून नाही." मीही पाण्यालाच विचारते की, फक्त बसून विचारते, असं ती स्वतःला समजावी. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे दुसऱ्याबद्दल बोलायला सोपं असतं.

त्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला. उठली तेव्हा पाच वाजून गेले होते. ती ओसरीवर आली, कान लावला. काहीच आलं नाही. कानही गेले वाटतं, ती मनात म्हणाली आणि चिडली. म्हातारपण कसं एकेक दार लावत येतं. तिनं वही उघडली आणि सकाळचाच आकडा पुन्हा लिहिला.

"किती?" भावानं विचारलं.

"दोन फूट तीन इंच."

"मग माझ्याकडे नुसतं ठिबकतंय कसं? मोऱ्यांतून धारच नाही."

"तुंबल्या असतील. बघ की."

"आत्ताच शिरतो. नाहीतर सकाळपर्यंत पाणी रस्त्यावर येईल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती आत जायला वळली आणि थांबली. सगळ्यात वरच्या पायरीवर एक खेकडा होता. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. बघता बघता ओसरी त्यांनी भरली. एकही तिच्याकडे वळला नाही. तिच्या पायांना वळसा घालून, घर ओलांडून ते मागच्या टेकडाकडे निघाले. त्यांच्यातूनच विरोळा सरपटत गेला, आणि एरवी खेकड्याच्या पिलावर झडप घालणारा तो विरोळा एकालाही शिवला नाही. खंड्या खिडकीच्या गजावर येऊन बसला होता, ओढ्याकडे पाठ करून.

तिनं तांब्या उचलला आणि चमच्यानं वाजवला. टण्ण! लख्ख ऐकू आलं. खेकड्यांच्या नख्यांची खरखरसुद्धा ऐकू येत होती.

कान शाबूत होते. गप्प ओढा होता.

बेचाळीस पायऱ्या ती कशी उतरली, तिला कधीच आठवलं नाही. खाली पाणी नव्हतं. गोटे ओले, काळे, उघडे. डोहात मासे तोंडं उघडत पडलेले, आणि एकही बगळा तिथे नव्हता. खांबावरच्या शून्याच्या खाली आणखी हातभर लाकूड होतं, ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बुळबुळीत, पांढरट, म्हाताऱ्या माणसाच्या पोटरीसारखं. वडिलांचं दुसरं वाक्य तिला आठवलं: "पाणी एकाएकी वाढलं तर पळायला वेळ असतो. एकाएकी आटलं तर नसतो." वर घळीत कुठेतरी कडा खचून पाणी अडलं होतं.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. तो मोरीत, फोन खोलीत. मी पाठवलं त्याला. मीच पाठवलं.

धापा टाकत ती वर आली. अंगणातल्या झाडाला वडिलांनी टांगलेला रुळाचा तुकडा होता. हातोडीनं ती तो बडवत सुटली. दीड कोसावर आवाज जाईल की नाही, आणि गेला तरी सिमेंटच्या नळात शिरेल की नाही, कोण जाणे. हाताला फोड आले. मग वाऱ्याशिवाय झाडं हलली, उकरलेल्या मातीचा वास आला, आणि पाणी आलं. आधी आवाज नव्हता त्याला. एक अख्खं झाड उभंच्या उभं समोरून गेलं, आणि मग कानठळ्या बसल्या.

पाण्याला तिच्यापासून भावापर्यंत पोचायला पाव तास लागतो. हा हिशेब तिच्याएवढा कुणाला ठाऊक असणार? ती ओसरीवर बसली आणि पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. पाव तास झाला. अर्धा झाला. ती लहान मुलीसारखी रडत होती.

मग त्याचाच फोन आला.

"ताई, मी काठावर आहे," त्याचा आवाज चिरकत होता. "फरशी गेली. मी मोरीत होतो, अंधारात. समोरून काहीतरी आलं. ओलं, केसाळ. तोंडात पिल्लू. माझ्या डोक्यावरून, पाठीवरून चढून गेलं गं. मी घाबरून उलटा बाहेर आलो आणि त्याच्यामागे काठ चढलो."

"मी रूळ वाजवत होते," ती म्हणाली.

"काही ऐकू आलं नाही."

तिकडून पाण्याचा आवाज येत होता, इकडूनही.

ताईच्या चुकीच्या आकड्याबद्दल त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पाणमांजरानं मला वाचवलं, एवढीच गोष्ट तो चारचौघांत रंगवून सांगे. वर्षभरात फरशी नवी झाली, नवा खांब रोवला गेला. आता पट्टीवाली रोज संध्याकाळी चार वाजताच निघते. पायरीवर बसते, घसरत खालच्या पायरीवर जाते, पुन्हा बसते. पाचला खांबाला हात लावूनच आकडा लिहिते, आणि तिथूनच फोन करते.

भाऊही फोन लगेच उचलतो. पण वीस वर्षांचा तो शब्द त्यानं टाकून दिलाय. आता तो अगदी हळू आवाजात विचारतो, "ताई, बघितलंस ना?"