पुठ्ठ्याची ढाल

नवरा गेल्याला अठरा दिवस झाले होते तेव्हा मी आमच्या गिरीज गावातल्या घरी बसून पुठ्ठ्याची ढाल बनवली.

मुलीच्या शाळेत शुक्रवारी वेशभूषा स्पर्धा होती. ती तिसरीत होती. मला हे शाळेच्या ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं, ती काही बोलली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "राहू दे. पप्पा पत्रा आणणार होते." ते वालीवला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. तिला सुपरहिरो व्हायचंय म्हटल्यावर त्यांनी गोल पत्रा कापून आणायचं कबूल केलं होतं. तिच्या तीन ओळीही त्यांनीच पाठ करून घेतल्या होत्या.

पुठ्ठ्याची करू, मी म्हणाले. आज डाळ करू म्हणावं, तसं.

शेजाऱ्यांकडून फ्रिजचा खोका आणला. त्यावर मोठी परात उपडी ठेवून तीन गोल आखले, ब्लेडने कापले, एकावर एक चिकटवले आणि वर पाटा ठेवला. वाळल्यावर चंदेरी कागद लावला. मागे जुन्या दप्तराचा पट्टा बसवत होते, तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मी, रक्त." बोट चांगलंच कापलं होतं. मला कळलंच नव्हतं. सासूबाईंनी हळद दाबून चिंधी बांधली. त्यांनी दुखतंय का विचारलं. नाही, म्हणाले, आणि खरंच दुखत नव्हतं. डाग कागदावरून पुसला गेला.

ढाल तिच्या मानाने फार मोठी झाली. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत. परत कापायला मी उठले नाही.

शुक्रवारी ती स्टेजवर आली आणि तिने ढाल उचलून तोंडासमोर धरली. बाईंनी बाजूने दोनदा सांगितलं, खाली घे. तिने घेतली नाही. पालक हसले. मग ढालीमागून तिन्ही ओळी आल्या, न चुकता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बोटाची चिंधी मध्ये येत होती.

घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "मी रडत होते. कुणाला दिसलं?"

"नाही."

"तुला?"

"मलाही नाही."

तिने मान हलवली आणि बाहेर केळीच्या वाड्यांकडे बघत बसली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. ते मला सुचलं, पण हात मांडीवरच राहिला. थोड्या वेळाने तीच सरकून टेकली.

नंबर आला नाही. सासूबाईंनी बोंबलाचं कालवण केलं होतं, तिने दोनदा भात घेतला. मी भांडी घासली, नवऱ्याच्या महिन्याच्या मिस्सेसाठी, म्हणजे प्रार्थनेसाठी, कुणाकुणाला सांगायचं ते चर्चला जाऊन आलेल्या दिरांशी बोलले आणि लवकर झोपले. नंतर मी खूप रडले, पण त्याला पुढचा पावसाळा उजाडावा लागला.