बुवांचा अंगठा

गाणाऱ्या माणसाच्या गळ्यापेक्षा मला त्याचे हात बघायला जास्त आवडतात. परवा आमच्या गावच्या सभागृहात सत्तरीचे एक बुवा गायला बसले आणि पहिल्याच आलापात त्यांचं बोट वर गेलं. लोकांना वाटलं, सूर लागला. बुवा साउंडवाल्याला सांगत होते, माझा आवाज वाढव. त्याने वाढवला. लगेच तबलजींनी भुवई उडवली, माझाही वाढव; मग पेटीवाल्यांनी. मंचावर कुणीच आपला आवाज कानाने ठरवत नाही, जो तो मानाने ठरवतो; आणि मान काही पुरत नाही.

पण माइक वाढवला की गळ्यातल्या भेगाही वाढतात, हे बुवा विसरले. त्यांचा वरचा षड्ज फाटला तो थेट शेवटच्या रांगेपर्यंत. मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्येने तो आपल्या गळ्यातून अलगद सावरून धरला. ते बुवांना झोंबलं. लोक कुणाचं गाणं ऐकायला आलेत? मान न वळवता त्यांनी अंगठ्याने मागे खूण केली, हिचा माइक बंद कर. साउंडवाल्याला वाटलं, हिचा वाढव.

सभागृह त्या पोरीच्या सुराने काठोकाठ भरलं. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी डोळे मिटून दाद दिली, "अहाहा! आत्ता कुठे बुवांचा आवाज लागला हो!"

बुवा तेव्हा पाणी पीत होते. काकूंना माइक लागत नाही. बुवांना स्वच्छ ऐकू गेलं.