पटाशीच्या मुठीवर

२०२५ साल, माझं वय चौऱ्याहत्तर. आमची ही माझ्या पटाशीने तुपाच्या डब्याचं झाकण उचकटत होती.

"लाकूड तासायची धार आहे ती," मी ओरडलो.

"अहो, तिला तोंड आहे का मला सांगायला?"

टेबलाशी बसलेली सून हसली आणि एकदम संगणकाकडे वळली. संगणकातल्या एआय मदतनिसाला कुठलं हत्यार कशासाठी, हे लिहून देणं ही तिची नोकरी. त्याची हत्यारं म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम. गिऱ्हाइकाची ऑर्डर नुसती बघायची असली तरी तो ऑर्डर रद्द करायचं हत्यार उचलत होता. संध्याकाळच्या चाचणीत हे सुधारलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"बाबा, कशाला वापरायचं ते मी लिहिलं. कशाला वापरू नये ते राहिलंच."

हत्यार मुकंच असतं. त्याच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं. मी जन्मभर सुतारकीत ओरडून बोललो, पण ओरडणं हवेत विरतं. लिहिलेलं हत्याराबरोबर राहतं.

तिने 'ऑर्डर नुसती बघायला हे वापरू नये' अशी ओळ घातली. चाचणीत मदतनिसाने दर वेळी बरोबर हत्यार उचललं.

"जिंकलो, बाबा."

"जिंकणारच. सुताराचं घर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंग कालवला आणि माझ्या दुसरी पास अक्षरात पटाशीच्या मुठीवर लिहिलं, 'डब्याला लावू नये.'