गोल शिक्क्याचं कार्ड

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मलाच सांगताना जड जातं. माझ्या हातून असा एक घोळ झालाय, की त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायचीसुद्धा सोय नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला एका सरकारी कचेरीत होतो. सरकारने बेकार पोरांना पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग, शिवणकाम असलं काहीबाही शिकवलं होतं. वर्षभराने घरोघर जाऊन आम्ही विचारायचं: बाबा रे, शिकलास खरा, पण त्यावर काम मिळालं का? 'होय' किंवा 'नाही'च्या चौकटीत खूण करायची आणि पुढचं घर गाठायचं.

अडचण एकच, घरी कुणी सापडेना. एसटीने धूळ खात जावं, तर दाराला कुलूप. मग मी डोकं चालवलं. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. सगळ्यांना आधी एकेक कार्ड टाकलं. मजकूर माझाच: 'आपल्या रोजगारासंदर्भात अमुक तारखेस आपल्या घरी येत आहे. मूळ प्रमाणपत्रासह न चुकता हजर राहावे.' खाली कचेरीचा गोल शिक्का. शिक्क्याशिवाय माझं समाधान कसं होणार?

सर्वेक्षण हा शब्द मात्र मी लिहिलाच नाही. म्हटलं, लोकांना अवघड वाटेल.

यादीतल्या अंकुशकडे म्हणून आटपाडीजवळच्या एका गावाला गेलो, तर फाट्यावर पटका बांधलेले एक म्हातारे उभे. "साहेब, मी अंकुशचा बा," म्हणाले, आणि माझी पिशवी काढूनच घेतली. घरी अंगण सारवलेलं. टॉवेल, टोपी, नारळ सगळं तयार. दारातच माझ्या डोक्यावर टोपी चढली, कपाळाला कुंकू लागलं. शेजारीपाजारी बघायला जमलेले. मला वाटलं, वा, इथल्या लोकांना सर्वेक्षणाचं महत्त्व किती! माझ्याइतका मूर्ख माणूस त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

अंकुश समोर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वाइंडिंगचं प्रमाणपत्र. मी फॉर्म काढला.

"सध्या काय करता?"

"काय न्हाई."

"वाइंडिंगचं काम मिळालं नाही का?"

"मिळालं हुतं की. आष्ट्याला, दुकानात. चार दिसामागं सोडलं."

"का हो?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमचं कार्ड आलं न्हवं का? मालक म्हनला, ऐन उन्हाळ्यात सुट्टी मिळायची न्हाई, जायचं तर कायमचं जा. म्हटलं, आता सरकारी लागतीया..."

आतून त्याच्या आईने विचारलं, "आवं साहेब, कवा हजर व्हायचं त्यानं?"

मी टोपी काढून हातात घेतली आणि खरं ते सांगितलं. मग म्हातारे हळूच म्हणाले, "मंजी नुसती इचारपूस?"

"होय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आई म्हणाली, "पोळ्या केल्यात. जेवून जावा." मी जेवलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ती माउली वर तूप वाढत होती.

दुसऱ्या दिवशी अंकुशला घेऊन आष्टा गाठलं. मालकापुढे हात जोडले, चूक माझी आहे म्हणालो.

"आवं, जळालेल्या मोटारींचा ढीग पडलाय दारात. किती दिस वाट बघू? दुसरा गडी ठिवला म्या."

तो दुसरा गडी आतून आला आणि अंकुशला बघून जागीच थबकला. दोघं एकाच वर्गात शिकलेले. याचंही नाव माझ्या यादीत होतं, आणि वर्षभर हा कामासाठी वणवण फिरत होता.

"तू सोडलंस म्हून कळलं, तवा आलो रं," तो म्हणाला. "मी निघतो."

"खुळा का काय गड्या? ऱ्हा हितंच." मग अंकुश माझ्याकडे वळला. "साहेब, ह्येचं आत्ताच लिवून घ्या. काम हाय म्हून."

घेतलं लिहून. एकाचं 'नाही', दुसऱ्याचं 'होय'. मी कार्ड टाकलंच नसतं, तरी बेरीज तीच आली असती. मधे काय घडलं ते लिहायला फॉर्मात चौकट नव्हती. अंकुश बापाबरोबर मेंढरांमागे गेला, एवढं नंतर कानावर आलं. मला त्याला पुन्हा भेटायचा धीर झाला नाही.

आमचे साहेब मात्र खूश. कार्डाच्या युक्तीने सगळी माणसं घरी सापडली म्हणाले. मी तेव्हा हंगामी होतो. त्यांनी वर शिफारस केली, आणि दिवाळीच्या आत मला कायम केल्याची ऑर्डर आली.

तेव्हा त्या कार्डाने सरकारी नोकरी लागली, हे काही खोटं नाही. फक्त ती मला लागली.