खाली म्हणजे खाली

परीक्षेला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ भेटतात, पण परीक्षेच्या प्रेमात पडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका भिंतीला भिंत लागून आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होता. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. खरं तर क्वार्टरांची सगळी ओळच म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला मद्रासी फोरमनसुद्धा. भिलाई तेव्हा निम्मी उभी झाली होती आणि निम्मी मुरमाच्या ढिगाऱ्यांत पडून होती. वर्ध्या-नागपूरकडून नोकरीला आलेली आमची चार-पाच मराठी घरं एकमेकांना धरून राहत. रुळांची मिल नुकतीच सुरू झाली होती आणि काकाजी तिथल्या तपासणी विभागात क्लार्क होते. इंजिनियर रूळ तपासायचे, शेजारी उभे असलेले रशियन साहेब मान हलवायचे आणि काकाजी कागदावर 'पास' किंवा 'नापास' लिहायचे. रूळ कसा होतो, का होतो याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. माल पास झाला की नाही, एवढंच ते विचारायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर हाच नियम ते व्हरांड्यात जमवलेल्या पोरांना लावायचे.

व्हरांड्यात पाय ठेवल्याबरोबर ते प्रत्येकाच्या टाळूवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. मिलमध्ये रुळावर हातोडी मारून पाहतात, तशीच ही तपासणी. "आवाज बद्द येऊन राहिला. जेवून आला वाटते," असं म्हणून ते त्या पोराला पाच मिनिटं अंगणात पिटाळत. मग काकू भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा वाटीत घालून आणायच्या. हरभऱ्यात लोह असतं, लोहाने डोकं मजबूत होतं आणि लोखंडाच्या गावात राहून डोक्यात लोह नसेल तर लोक काय म्हणतील, असा काकाजींचा एकंदर विचार होता. काकूंना बिचाऱ्यांना काकाजींच्या गणितापायी फार सोसावं लागे. नळ आला की काकाजी बादली लावून हातात घड्याळ घेऊन उभे राहत. एवढ्या वेळात एवढी बादली भरते, तर हौद किती वेळात भरेल, हे ते मोठ्याने काढायला लागत. बादली भरून वाहू लागे, न्हाणीतलं पाणी स्वयंपाकघरापर्यंत येई आणि आतून काकूंचा आवाज येई, "आधी नळ बंद करा न बावा! गणित मंग करा!"

त्यांच्या तावडीतून कोणीच सुटत नसे. जवळच्या खेड्यातून दूध घेऊन येणाऱ्या बाईला एकदा त्यांनी फाटकातच अडवलं. चार शेर दुधात एक शेर पाणी घातलं आणि त्यातलं निम्मं विकून पुन्हा एक शेर पाणी घातलं, तर आता उरलेल्यात दूध किती, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्नात वाईट हेतू मुळीच नव्हता, पुस्तकातलंच गणित होतं ते. पण ती बाई घागर खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, "मोला का मालूम बाबू? मैं पानी नइ मिलावँव!" दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांच्याकडे दूध घालणं बंद केलं. काकाजींना मात्र वाईट याचं वाटलं, की तिने उत्तर न काढताच गणित सोडून दिलं.

विज्ञान शिकवण्याची त्यांची तऱ्हा आणखीच निराळी होती. एकदा कुठून तरी त्यांनी एक चुंबक पैदा केलं. आम्ही सगळे खिळे, टाचण्या, काकूंचं उलथणं असं जे सापडेल ते चिकटवून पाहण्यात दंग झालो. मी विचारलं, "काकाजी, लोखंडच कावून चिकटते? पितळ कावून नाही?" त्यांनी चुंबक माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "हे पाय पोरी, 'कावून' परीक्षेत येत नाही. 'काय' येते, 'किती' येते, 'कोणतं' येते. 'कावून' पेपरात आलं असतं तर मी शिकवलं नसतं काय?" चुंबक त्या दिवशी डब्यात गेलं ते पुन्हा निघालं नाही. 'सही या गलत' विचारलं आणि शंका आली, तर 'गलत' लिहायचं, असाही त्यांचा एक दंडक होता. कारण पेपर काढणारा सरकारी माणूस असतो आणि सरकारी माणसाच्या तोंडी नकारच आधी येतो. थोडक्यात, विषयाचा अभ्यास करण्यापेक्षा पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात कसं शिरावं हे ते शिकवत, आणि आमचे आईवडील कौतुकाने ऐकत.

त्या वर्षी या सगळ्याला एकदम धार आली. टाउनशिपमधल्या नव्या शाळेत पाचवीच्या जागा थोड्या होत्या. त्यासाठी गणित आणि विज्ञानाची एक छापील परीक्षा ठरली. सगळ्यांना एकच पेपर, एकाच वेळी, तोही हिंदीतून. आमच्या घरी मराठी. त्यामुळे माझ्या हिंदीवर माझ्या वडिलांचा काडीचा भरवसा नव्हता. "निवड झाली तर राहील इथं, नाही तर हिंगणघाटले आत्याकडे जाईल. तिथं मराठी शाळा आहे," असं त्यांनी जेवताना एकदाच सांगितलं आणि आमच्याकडे वडील एकदा सांगत ते पुरेसं असे. आत्या वाईट नव्हती. पण आई इथे, धाकटा भाऊ इथे आणि मी तिथे, या विचारानेच मी ताट तसंच सोडून उठले. आई मागच्या दाराने काकाजींकडे गेली आणि नुसती उभी राहिली. काकाजी म्हणाले, "वहिनी, तुमची पोट्टी इथून हलत नाही. लिहून घ्या माझ्याकडून."

नेमक्या त्याच आठवड्यात त्यांना दुर्ग स्टेशनवर कोणीतरी सांगितलं, की या परीक्षेचा पेपर काढणाऱ्या गृहस्थांच्या नावाच्या शेवटी 'कर' आहे. काकाजी घरी आले ते सायकल न लावताच व्हरांड्यात शिरले. "आपला माणूस निघाला!" ते म्हणाले. "पेपर आपल्या माणसाचा आहे, पोट्टेहो! भाषा हिंदी, पण डोकं मराठी!" आणि तिथून पुढे एक नवाच अभ्यास सुरू झाला. प्रश्न हिंदीतून वाचायचा, पण समजायचा मराठीतून. जुन्या सरावाच्या पेपरात प्रश्न आला, 'खाली गिलास में क्या है?' मी पटकन म्हटलं, "हवा." ओळीतल्या बंगाली, पंजाबी पोरांबरोबर खेळून एवढी हिंदी मला येत होती. काकाजी हसले. भोळ्या माणसाकडे पाहून हसावं तसे.

"हवा तं हिंदीवाले लिहितील. पेपर कोणाचा आहे?"

"आपल्या माणसाचा."

"मंग खाली म्हणजे काय?"

"खाली म्हणजे... खाली."

"हां! आता पाय बरं, या ग्लासाच्या खाली काय आहे?"

त्यांचा पाण्याचा पितळी ग्लास नेहमीसारखा स्टुलावर होता. परीक्षेला बसणाऱ्या आम्ही पाचही जणांनी एका सुरात सांगितलं, "स्टूल."

"पण मंग 'में' कावून लिवलं, काकाजी?" मी विचारलं.

"छापखान्याची चूक," काकाजी म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात पडला आणि माझे डोळे चमकले. विज्ञानाच्या भागात तोच प्रश्न होता. स्टूल नव्हतं, चित्र नव्हतं, काही नव्हतं, नुसता प्रश्न. मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'स्टूल'. इतर चौघांनीही तेच लिहिलं. काकाजींनी बाहेर फाटकाशीच आम्हाला गाठलं, एकेकाचं उत्तर विचारलं आणि आनंदाने त्यांचे डोळे ओले झाले.

निकाल लागला. आमच्या पाच जणांच्या नावापुढे निकालच नव्हता, 'रोका गया' असं लिहिलं होतं. वडील चौकशी करून आले ते पडलेल्या चेहऱ्याने. एकाच केंद्रावरच्या पाच मुलांनी, कुठल्याही शहाण्या मुलाला सुचणार नाही असं एकच उत्तर लिहिलं होतं, तेव्हा नक्कल झाली हे उघड आहे, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं होतं. वडिलांनी माळ्यावरून ट्रंक काढली आणि पुसून ओट्यावर ठेवली. आई पदर तोंडाला लावून बसली. मी नक्कल केली नाही हे सांगून सांगून माझा घसा बसला. काकाजी दारात उभे होते. ते वडिलांना म्हणाले, "पोरीले उद्या माझ्यासोबत दुर्गले धाडा. नमुना दाखवल्याशिवाय माल पास होत नाही."

परीक्षेच्या ऑफिसातले साहेब चष्म्याआडून पाहणारे, सौम्य, थोडे थकलेले गृहस्थ होते. दारावर पाटी होती 'शिक्षा विभाग'. ती वाचून काकाजी मला हळूच म्हणाले, "पाय, शिक्षेचाच विभाग आहे." एरवी मी हसले असते. आत जाऊन काकाजींनी आपल्या हिंदीत सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, पेपर काढणारे आपल्याकडचे, नावात 'कर' आहे, मराठीत 'खाली' म्हणजे 'नीचे', वगैरे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेपर हमारे उमाशंकरजी ने बनाया है। वे बनारस के हैं।"

नावाच्या शेवटी 'कर' होतं, यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ते शंकरातलं होतं. काकाजी खुर्चीच्या कडेवर टेकले. साहेबांनी टेबलावरचा काचेचा ग्लास उचलला. त्यात पाणी नव्हतं. तो हातात उंच धरून त्यांनी मला विचारलं, "बताओ बेटी, खाली गिलास में क्या है?"

मला उत्तर येत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून येत होतं. पण 'हवा' म्हटलं असतं तर काकाजी खोटे पडले असते आणि आम्ही पाचही जण नकलखोर ठरलो असतो. 'स्टूल' म्हणावं, तर स्टूल नव्हतं तिथे. मी काकाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, आपल्या चपलांकडे पाहत होते. मी म्हटलं, "आपका हाथ।"

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि असे हसायला लागले की शेजारच्या खोलीतले दोन कारकून काय झालं म्हणून आत आले. त्यांना ते सांगितल्यावर तेही हसू लागले. त्या हसण्यातच काकाजी उठून उभे राहिले. "साब, बच्चों ने नकल नहीं की," ते म्हणाले. "इनको आता था। गलत मैंने पढ़ाया।" एवढी सोपी, बिनचूक हिंदी मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. साहेबांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी काकाजींना बसायला सांगितलं आणि दोन कप चहा मागवला.

त्या प्रश्नाला आम्हाला शून्य मिळालं, पण निकाल मोकळा झाला. माझी निवड झाली. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली आणि आईने सगळ्या ओळीला साखरभात वाटला. पण दुर्गची गोष्ट आमच्या आधी भिलाईत येऊन पोचली होती. मिलमध्ये लोक काकाजींना 'स्टूल मास्टर' म्हणायला लागले. रुळाच्या ढिगाजवळून गेले तरी कोणीतरी ओरडे, "काकाजी, खाली काय आहे?" पुढच्या वर्षीच्या मुलांच्या आयांनी मुलं दुसरीकडे धाडली. व्हरांडा ओस पडला. काकाजी खुर्ची घेऊन बसत, वर्तमानपत्र उघडत आणि आम्ही शाळेतून येताना दिसलो की ते तोंडापुढे धरत. येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, ते आता काकूंनासुद्धा काही विचारत नसत. "नळापाशी उभे राहत नाहीत आताशा," काकू आईला म्हणाल्या. "पाणी सांडत नाही तं घर कसं सुनंसुनं वाटते."

एका दुपारी शाळेतून येताना मी त्यांच्या फाटकापाशी मुद्दाम थांबले. वर्तमानपत्र वर गेलं. मी हलले नाही. बऱ्याच वेळाने ते खाली आलं.

"करमते का तुले तिथं?" त्यांनी विचारलं.

"करमते, काकाजी."

त्यांनी मान हलवली. बरोबर की चूक, ते मात्र सांगितलं नाही. मग रस्त्याच्या पलीकडे पाहत म्हणाले, "मले नाही करमत, बाई."

मी फाटक ढकलून आत गेले, व्हरांड्यात माझ्या जुन्या जागी बसले आणि दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढलं. काकाजींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"भूगोल? भूगोल तं मले येत नाही."

"मले तरी कुठं येते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची बाजूला सारली आणि खाली माझ्याजवळ फरशीवर येऊन बसले. पहिलं पान त्यांनीच उघडलं, आणि आम्ही दोघं मिळून वाचायला लागलो.