पुठ्ठ्याचं हरीण

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. तेव्हाही नव्हता, आजही नाही. साताऱ्याच्या शाळेत उभी हयात मुलींना गणित शिकवलं. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून रडणाऱ्या पोरींना हाताला धरून त्याच चिंचेखाली डबा खायला बसवणारी बाई मी. तुमच्या मासिकातलं हे अनुभवांचं पान वाचताना निम्म्या अनुभवांना मी मनातल्या मनात लाल शाईची फुली मारते. आता माझ्या अनुभवाला तुम्ही मारा... पण आधी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात नाटकापासून करावी लागेल, आणि त्यातही पडलेल्या नाटकांपासून. कारण तरुणपणी मी एकही चाललेलं नाटक पाहिलं नाही.

झालं असं की माझं लग्न झालं ते लढाईच्या धामधुमीत. हे पलटणीत होते. रजेवर आले, लग्न केलं आणि हळदीचे हात घेऊनच परत गेले म्हणा ना. मी मान खाली घालून होते, त्यामुळे मला ह्यांचे पाय ओळखता आले असते, चेहरा नाही. त्यांनाही माझ्या पदराच्या काठापलीकडे फारसं काही दिसलं नसावं. सासर औंधाजवळच्या एका लहान गावात. सासूबाई नव्हत्या. घरात सासरे आणि दोन धाकटे दीर. सासरे स्वतः जुने पेन्शनर शिपाई, शिस्तीचे. म्हणाले, "पोरी, बाईमानूस न्हाई अशा घरात तू एकटी ऱ्हानं बरं न्हवं. त्यो येईस्तवर मामाकडं ऱ्हा." आईवडील माझे लहानपणीच गेलेले, मामांनीच वाढवलेलं. म्हणून मी परत सांगलीला मामांकडे आले. लग्न झालेली मुलगी परत आली की आळी तिच्याकडे जशी बघते, तशी माझ्याकडे बघायची. कुणी वाईट बोललं नाही. पण सासरची मी झाले नव्हते आणि माहेरची राहिले नव्हते, हे मात्र खरं.

मामांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि नाटकांच्या जाहिराती. सांगलीला कंपनी आली की तिच्या जाहिराती मामाच छापत. त्यामुळे पास मिळत. पण कसे? नाटक जोरात असलं की मॅनेजर मामांना रस्त्यात ओळखही दाखवत नसे. आणि तिकिटांचा प्लॅन रिकामा दिसला की भर दुपारी माणूस दारात हजर – "घरच्या मंडळींना घेऊन या बरं का, अगदी पुढच्या खुर्च्या ठेवल्यात!" बोलपट येऊन नाटकवाल्यांचे दिवस फिरले होते, त्यामुळे असे निरोप वरचेवर यायचे. सांगलीतल्या पडेल नाटकांची आम्ही राखीव पलटणच होतो.

मला ती पडेल नाटकं आवडायची, खरं सांगते. तिसरी घंटा मुद्दाम लांबवायचे, अजून कुणी येईल म्हणून. पडद्याच्या फटीतून कुणीतरी डोकावायचं, खुर्च्या बघायचं, आणि फट मिटायची. मला वाटायचं, हे माझंच चाललंय. मीही रोज दाराकडे अशीच बघते.

तर, चव्वेचाळीस सालचा उन्हाळा. ह्यांचं पत्र येऊन कित्येक महिने झाले होते. पत्रं सासऱ्यांकडे यायची आणि ते मामांना "खुशाल हाय" एवढा निरोप धाडायचे. तो निरोपही थांबला होता. इटलीत आहेत एवढंच माहीत. घरात माझ्यासमोर कुणी लढाईचा विषय काढत नसे, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटे.

त्या रविवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. दिव्यांना रॉकेल मिळेना, म्हणून दुपारी ठेवलेला. थिएटर पत्र्याचं, वरून सांगलीचं ऊन. कोण येणार मरायला? खाली मामा, त्यांचा कंपोझिटर, एक डॉक्टर आणि आणखी इनमिन चार टाळकी, सगळे पुढच्या रांगेत. मागे नुसत्या खुर्च्या. वर बायकांच्या गॅलरीत मामी आणि मी. मामी नांदी संपायच्या आत खांबाला टेकून खाली बसली आणि झोपली.

नाटकाचं नाव देत नाही. लिहिणाऱ्यांचे वारस आहेत. नायिकेचं काम करणारे गृहस्थ पन्नाशीला टेकलेले, अंगानं भरलेले. दुसऱ्या अंकात बागेचा प्रवेश होता. बागेत एक पुठ्ठ्याचं हरीण, त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. नायिका नवऱ्याची वाट बघत त्या हरणाला म्हणते, "बैस जरा मजपाशी हरिणा, सांज सरू दे..." पद सुरू झालं आणि हरीण धाडकन तोंडावर पडलं. पुढचा पाय मोडला. खाली कुणीतरी फिस्सकन हसलं. विंगेतून कुणी धावलं नाही. पण ते गृहस्थ थांबले नाहीत. गातगातच खाली बसले, हरणाचं मुंडकं मांडीवर घेतलं, आणि त्याला थोपटत पद पुरं केलं.

मला रडू कोसळलं. हिरव्या लुगड्याच्या पदराचा बोळा तोंडात कोंबून मी रडले. पद संपलं. टाळी नाही, काही नाही. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे ठिपके त्या रिकाम्या खुर्च्यांवर पडलेले.

आणि खाली, मागच्या खुर्च्यांतून आवाज आला – "वन्स मोअर!"

नाटकवेड्या माणसाचा आवाज नव्हता तो. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी, तसा रांगडा आणि मोठा. गृहस्थांनी चमकून वर पाहिलं, मागच्या खुर्च्यांकडे बघून दोन्ही हात जोडले. ऑर्गन पुन्हा सुरू झाला. त्यांनी अख्खं पद पहिल्यापासून म्हटलं, आधीपेक्षा चांगलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मागे कुणीही नव्हतं. दार लावलेलं होतं.

घरी जाताना मामांनी मला मामीपासून जरा बाजूला घेतलं.

"इंदे, खरं सांग. वन्समोअर तू ओरडलीस?"

"मामा! पुरुषाचा आवाज होता तो."

"मग कुणाचा? मी वळून बघितलं, मागं चिटपाखरू नव्हतं."

शेवटी मामाच म्हणाले, मॅनेजरनं मागच्या दाराबाहेरून कुणाला तरी ओरडायला लावलं असेल. मला पटलं. गणित सुटलं. पण दुसऱ्या दिवशी तोच मॅनेजर छापखान्यात आला आणि विचारू लागला, "काल वन्समोअर देणारे ते रसिक कोण हो? आमच्या मालकांना त्यांचे पाय धरायचेत." त्या नाटकाचा दुसरा प्रयोग झालाच नाही. आठवड्याभरात कंपनी मोडली.

हे परत आले ते लढाई संपल्यावर, थंडीत. सासरे मला न्यायला आले तेव्हा त्यांनी वाटेत सांगितलं, "गोळा जवळ फुटला त्येच्या. कान गेलं दोन्ही. बाकी धड हाय."

धड होते. फक्त घरात नव्हते. सोप्यात झोपायचे, जेवण झालं की रानात जायचे. मी समोर बसून सावकाश बोलले तर ओठांवरून थोडं कळायचं, पण ते माझ्याकडे बघतच नसत. मी दिवसचे दिवस एका माणसाच्या घरात एकटी राहत होते. सांगलीत निदान वाट बघावी असं कुणीतरी होतं.

एक दिवस भाकरी थापत होते, तर दारात उभे राहून म्हणाले, "तू मामाकडं जा. शीक, मास्तरीण हो. ह्या बहिऱ्यासंगं जल्म काढू नगंस. मी राग धरनार न्हाई."

मी म्हटलं, मला नाही जायचं. पण पाठमोरी होते. त्यांना ऐकू गेलं नाही, आणि वळून पुन्हा म्हणायचा मला धीर झाला नाही.

सासरे कळवळले, पण एवढंच म्हणाले, "यमाईची जत्रा हाय. देवीच्या पाया पडा जोडीनं, मग काय त्ये करा." म्हणून आम्ही बैलगाडीनं औंधाला निघालो. गाडीत माझी ट्रंक होती. दर्शन झालं की तसंच पुढे रहिमतपूर स्टेशन आणि तिथून मिरजेची गाडी.

डोंगरावर जाऊन नमस्कार केला. काय मागावं तेही सुचलं नाही. खाली उतरलो तर जत्रेत एक फोटोवाला बसलेला. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा, आणि पुढे... पुठ्ठ्याचं हरीण. एक डोळा मोठा. पुढच्या पायाला कळकाची कामटी बांधलेली.

मी थबकले. पण माझ्याआधी हे थांबले होते. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यांदा म्हणाले, सगळी जत्रा वळून बघेल असं – "ह्ये हरीण पडलं व्हतं!"

माझ्या हातातला प्रसाद सांडला. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "कुठं?"

"तकडं. म्हंजी मी दवाखान्यात व्हतो, डोक्याला पट्ट्या. कानात रात्रंदिस भोंगा वाजायचा नुसता. येड लागायची पाळी. आन् एकदम त्यो थांबला. बघतो तर मी पत्र्याच्या थेटरात बसलेलो. लय उकडत व्हतं. म्होरं एक बाई गात व्हती... बाई कसली, बाप्याच त्यो! ह्ये हरीण पडलं, तर त्येचं मुंडकं मांडीवर घिऊन गात बसला गडी."

"मग?"

"मग गानं सपलं. मला वाटलं, आता पुन्ना भोंगा सुरू हुनार. म्हनून वराडलो, वन्स मोअर! पलटनीच्या खेळात वराडायचो आमी तसं. तर पुन्ना म्हटलं की त्येनं, सगळं. त्येच्यानंतर आजपातुर म्या काय ऐकलं न्हाई."

ते हरणाकडेच बघत होते. मग हळू आवाजात – त्यांच्या मानानं हळू – म्हणाले, "वर बायकांच्यात एकच बाई व्हती. हिरव्या लुगड्यातली. पदर तोंडात घालून रडत व्हती. मला वाटलं, हिच्याजवळ कुनीतरी बसाय पायजे."

मी छातीवर हात ठेवला. मी, असं खुणेनं सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं – लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पुरतं पाहिलं. आणि मी म्हटलं, ओठ नीट हलवून, "मला नाही जायचं."

ह्या वेळी ते त्यांना कळलं.

आम्ही फोटो काढला. मी खुर्चीवर, हे उभे, त्यांचा हात हरणाच्या डोक्यावर. फोटोवाल्याला विचारलं तर म्हणाला, सांगलीला एका बुडालेल्या कंपनीचं सामान निघालं होतं, पडद्याबरोबर हे आलं. ट्रंक गावी परत आली. सासऱ्यांनी ती स्वतः उचलून आत नेली.

आता तुमच्या शंका. त्या मी स्वतःच स्वतःला विचारून बसले आहे. मी ह्यांना नाटकाबद्दल लिहिलं होतं का? नाही. मला पत्ताही ठाऊक नव्हता. मामांनी सासऱ्यांना सांगितलं असेल? दोघांनाही खोदून विचारलं, नाही. नाटक आधी कुठे झालं असेल? तो पहिलाच प्रयोग, आणि शेवटचा. तापातलं स्वप्न म्हणाल, तर म्हणा. पण त्या स्वप्नातली आरोळी सांगलीत मी ऐकली, मामांनी ऐकली, आणि त्या बिचाऱ्या नटानं हात जोडून तिला मान दिला. दोन्ही दिवस एकच होते का, हे मात्र मला सिद्ध करता येत नाही. त्या इस्पितळात त्यांना तारीख कोण सांगणार?

पुढे मी खरंच मास्तरीण झाले, ह्यांच्याच हट्टानं. साताऱ्याला बिऱ्हाड केलं. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की हे समोर खुर्ची टाकून बसायचे. मी ते पद म्हणायची. माझा आवाज म्हणजे विचारू नका, शाळेत प्रार्थनेला मुली तोंड दाबून हसायच्या. हे माझ्या ओठांकडे बघत राहायचे, आणि संपलं की म्हणायचे, "वन्स मोअर." बहिऱ्या माणसाशिवाय मला कुणी वन्समोअर दिला असता? कंटाळा आला तरी मी पुन्हा म्हणायची. आयुष्यभर म्हटलं.

ते जाऊन आता काही वर्षं झाली. मूलबाळ आम्हाला नाही. दुपारी आळी सामसूम होते, घर खायला उठतं. मग मी त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून बसते आणि ते पद म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. संपलं की जरा थांबते.

अजून काही ऐकू आलेलं नाही. पण खुर्ची रिकामी दिसते, एवढ्यावरून मी काही उत्तर काढत नाही. त्या दिवशीही खुर्च्या रिकाम्याच होत्या.